डोणज्याच्या गोठ्यातली नौदलाची डिंगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ डोणज्याला एका जुन्या फार्महाउसच्या गोठ्यात १४ फुटी लाकडी शिडाची होडी पालथी पडून आहे. नौदलाच्या लिलावातून बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली, असं मालक सांगतात. फळ्यांमध्ये इतक्या फटी आहेत की आत डोकं घातलं तर पलीकडचा उजेड दिसतो. मालक मागतात तेवढ्यात थोडी भर घातली तर फायबरची नवी होडी येईल. मग जुनी माणसं अशा होडीचं नाव काढलं की हळवी का होतात, या होड्या दिसेनाशा का झाल्या, आणि ही घ्यावी की सोडून द्यावी?

फटींपासूनच सुरुवात करतो, कारण अशा होड्या बहुतेक वेळा या फटींच्या भीतीनंच मरतात. उजेड दिसतो म्हणून होडी गेली असं समजू नका. लाकूड वाळलं की आक्रसतं, पाणी प्यालं की फुगतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की धायरीच्या माझ्या शेडचं दार चौकटीत सैल खुळखुळतं आणि जुलैत तेच दार खांदा लावून उघडावं लागतं. गोठ्यात वर्षानुवर्षं कोरड्यात पडलेल्या होडीला फटी पडणारच. पाण्यात उतरवल्यावर त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन दिवसांत मिटतात. मिटत नाहीत त्या कुठल्या आणि का, हे खरं पाहायचं असतं.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आजोबा खाडीकाठी मचवे बांधायचे. मी नौदलात शिपराइट होतो, म्हणजे बोलीत सांगायचं तर जहाजावरचा सुतार. पुण्यात स्थायिक झाल्यावर गेली बावीस वर्षं लाकडी होड्यांची दुरुस्ती करतो. या सगळ्या काळात १४ फुटी नौदलाच्या डिंग्या माझ्या हाताखालून गेल्या त्या फक्त सहा. त्यातल्या दोन वाचवता आल्या नाहीत.

आधी ही होडी बांधलेली कशी असते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. आजोबांच्या मचव्यात फळीला फळी कडेनं भिडवायची आणि सांध्यात कापूस-काथ्या ठासून राळ-तेलानं बंद करायचा, म्हणजे कलाफत. तुमच्या डिंगीत कलाफत नाही. तिथे वरची फळी खालच्या फळीवर बाहेरून थोडी चढलेली असते, छपरावरच्या कौलांसारखी. याला क्लिंकर म्हणतात. फळी जेमतेम तीन सूत जाड, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आसपास. जिथे दोन फळ्या एकमेकींवर चढतात तिथे जाडी आपोआप दुप्पट होते आणि तो प्रत्येक चढ होडीभर लांबीच्या तुळईसारखं काम करतो. त्यामुळे इतक्या पातळ फळ्यांची होडी समुद्रात टिकते. शिवाय इथे आधी फळ्या चढतात आणि वांक, म्हणजे आतल्या बरगड्या, नंतर वाफवून आत बसवतात. मचव्यात बहुतांश उलटं असतं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विश्वास ठेवला नव्हता.

फळ्या एकमेकींना धरून ठेवतात ते तांब्याचे खिळे. चौकोनी अंगाचा खिळा बाहेरून आत ठोकायचा. आत त्याच्या टोकावर तांब्याची छोटी, मध्ये किंचित फुगीर चकती बसवायची, तिला रोव्ह म्हणतात. मग उरलेलं टोक पक्कडीनं छाटून रोव्हवर ठोकून पसरवायचं. हे एकट्याचं काम नाही. बाहेर एक जण जड लोखंडी डॉली खिळ्याच्या डोक्यावर दाबून धरतो, आतला हलक्या हातोडीनं टोक बसवतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, सगळं कानावर चालतं. डॉली नीट टेकली असेल तर आवाज ‘टण्’ असा भरीव येतो, सरकली असेल तर ‘ठप्’. एका १४ फुटी होडीत असे हजारावर खिळे असतात. मला हे ज्यांनी शिकवलं ते चीफ निवृत्तीला आले होते. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते हाताचा पंजा फळीवर ठेवून खिळा बसला की नाही ते सांगायचे. ते चुकलेले मी पाहिले नाहीत.

आता हळवेपणाचं. माझ्या मते या होड्यांचं देखणेपण सजावटीतून आलेलं नाही. नौदलाची होडी म्हणजे जहाजाची होडी. ती डॅव्हिटला, म्हणजे जहाजाच्या कडेच्या यारीला, टांगायची, गरज पडली की खाली सोडायची, काम झालं की परत उचलायची. या एका गरजेतून तिचं सगळं अंग ठरलं. शिडाच्या काठ्याच घ्या. टांगलेल्या होडीतून लांब डोलकाठी बाहेर आलेली चालत नाही. डोलकाठी, शीड, वल्ही, सगळं होडीच्या पोटात मावलं पाहिजे. म्हणून डोलकाठी आखूड ठेवली आणि तिला लागून वर सरकणारी दुसरी काठी दिली. वर चढवल्या की दोन्ही मिळून उंच शीड उभं राहतं, उतरवल्या की दोन्ही बाकांवर आडव्या झोपतात. हे गंटर शीड. कोकणात गलबताचं भलंमोठं परबाण, म्हणजे शिडाची तिरकी काठी, दुसऱ्या बाजूला फिरवताना चार माणसांची दमछाक पाहिलेल्याला ही सोय बघून कौतुकच वाटतं. दोन पोरं पाच मिनिटांत होडी वल्ह्यांवरून शिडावर आणतात.

तशीच दुरुस्तीची गोष्ट. जहाज किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर असताना होडी धक्क्याला आपटली तर कारखान्यात पाठवता येत नाही. म्हणून तिचा प्रत्येक तुकडा सुटा काढून बदलता येईल असा केलेला असतो. खिळ्याचं डोकं उडवा, फळी काढा, तिच्यावरूनच नवी आखा, बसवा. साठ वर्षांच्या होडीत मला तीन वेगवेगळ्या हातांचं काम दिसलेलं आहे. एकाचे रोव्ह गोल आणि सारखे, दुसऱ्याचे घाईत ठोकलेले, तिसऱ्यानं वांकाला जोड देताना कडा इतक्या सफाईनं गोल केल्या होत्या की बोट फिरवल्यावरच जोड कळला. ही माणसं मला कधी भेटणार नाहीत, पण त्यांची सवय मला माहीत आहे. फायबरच्या होडीत मला ही ओळख होत नाही.

जहाजाच्या होडीची ताकद किती, याचं जुनं उदाहरण १७८९ सालचं. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झालं आणि कॅप्टन ब्लाय यांना १८ माणसांसह जहाजाच्या २३ फुटी उघड्या लाँचमध्ये सोडून देण्यात आलं. ती होडी ३,६०० सागरी मैलांहून जास्त अंतर तोडून तिमोर बेटाला पोचली. ब्लाय यांचं कसब होतंच, पण होडीनंही साथ दिली.

नौदलाच्या होड्यांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध माँटेग्यू व्हेलर, २७ फुटी, रिअर अॅडमिरल व्हिक्टर माँटेग्यू यांच्या नावाची. दोन्ही टोकं निमुळती, पाच वल्ही, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. मागून येणारी लाट सपाट पाठीवर आपटण्याऐवजी दुभंगते. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल विभागातली मुलं जिला डीके व्हेलर म्हणतात ती याच घराण्यातली. डीके म्हणजे ड्रॉप कील, मधल्या पेटीतून खाली सोडायचं पातं. ‘गिव्ह वे टुगेदर’ अशी आरोळी आली की पाचही वल्ही एकदम पाण्यात पडायला हवीत, आणि पहिले आठ दिवस ती कधीच पडत नाहीत. पुण्यात साठीच्या पुढच्या अनेकांच्या हाताला पहिला फोड याच वल्ह्यांनी आलेला आहे. त्यांचा हळवेपणा तिथून सुरू होतो.

चालवायला ही होडी कशी असते? जड असते. एंटरप्राइज जातीच्या रेसिंग डिंगीचं नुसतं हल, म्हणजे शीड-काठ्यांशिवायची होडी, शंभर किलोच्या आत असतं, तिला वाऱ्याची झुळूक आली की ती उडी मारते आणि झुळूक गेली की थांबते. नौदलाची डिंगी उशिरा हलते, पण एकदा हलली की वारा पडला तरी वेग धरून ठेवते. सिंहगडाकडून खडकवासल्याच्या पाण्यावर वारा झटक्याझटक्यानं येतो. हलकी होडी अशा वेळी नवशिक्याला पाण्यात फेकते, ही नुसती खांदा टेकवल्यासारखी कलते आणि तुम्हाला दामण, म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी, ढिली करायला वेळ देते. आणि एक आवाज आहे. क्लिंकरच्या प्रत्येक चढाखाली पाणी अडकून सुटतं, त्याची बारीक गुळगुळ होडी चालेल तोवर चालू राहते. तो आवाज वाढला की वेग वाढला, हे मागे न बघता कळतं. एनडीएच्या पीकॉक बेमध्ये शीड शिकलेले एक कर्नलसाहेब माझ्या शेडमध्ये आले होते. त्यांनी उलट्या होडीच्या फळीवर पेल्यानं पाणी ओतून तो आवाज ऐकायचा प्रयत्न केला होता.

मग एवढ्या चांगल्या होड्या गेल्या कुठे? पहिलं कारण सरळ आहे, बांधणं थांबलं. १९५६ मध्ये जॅक होल्ट यांची एंटरप्राइज आली, प्लायवुडची. प्लायवुड लाकूडच, पण ती होडी कापलेल्या तक्त्यांची, फळ्यांची नव्हे. १९६३ मध्ये इयान प्रॉक्टर यांनी ब्रिटिश नौदलासाठी बोसन आखली. तीही १४ फुटीच, पण फायबरची. फायबरला मी नावं ठेवत नाही. दर वर्षी नवीन पोरं येणार, होडी धक्क्याला आदळणार, उन्हात पडून राहणार, अशा ठिकाणी फायबरच शहाणपणाचं. पण एकदा ती आली की लाकडी होडी भांडारात गेली, भांडारातून लिलावात, आणि लिलावातून कुठे जाईल याचा नेम नव्हता.

दुसरं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका प्रशिक्षण केंद्रात, नाव लिहीत नाही, मला एक व्हेलर बघायला बोलावलं होतं. माझी सुट्टी जुळायला तीन आठवडे लागले. पोचलो तेव्हा ती भटारखान्यामागे करवतीनं कापून रचलेली होती. सागाच्या फळ्या, एकही कुजलेली नाही. राखेत तांब्याचे खिळे हिरवे-काळे होऊन पडले होते. ते मी रुमालात बांधून आणले, अजून शेडमध्ये बरणीत आहेत. कोणी दुष्टपणानं केलं नव्हतं. कोरडी पडून फटी पडल्या, पाण्यात उतरवली तर पहिल्याच तासात भरली, म्हणून ‘निकामी’ असा शेरा पडला. तिला दोन दिवस बुडवून ठेवायचं असतं, हे सांगणारा माणूस तिथून बदलून गेला होता.

मला वाटतं, या होड्या दुर्मीळ होण्याचं मूळ इथे आहे. साग दगा देत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. लाकूड टिकतं, त्याला ओलं ठेवणारी सवय आणि खिळा बदलणारा हात टिकला नाही. क्लिंकर होडी पाण्यात असते तोवर जगते आणि जपून कोरडी ठेवली की मरायला लागते. लोकांना हे उलटं वाटतं, म्हणून ती प्रेमानंच मारली जाते. बंगल्याच्या बागेत रंग देऊन ठेवलेली, आत शेवंती लावलेली एक डिंगी मी औंधला पाहिली आहे. मातीचा ओलावा आतून, ऊन बाहेरून. पठाण, म्हणजे तळाचा कणा, बोटानं उकरता येत होता.

आता तुमच्या डिंगीकडे वळू.

आधी ती खरंच नौदलाची आहे का ते पाहा. आतल्या बाजूला पठाणावर, पुढे आणि मागे, उचलण्यासाठी जाड कड्या आहेत का? खासगी होडीला इतक्या भक्कम कड्या सहसा नसतात, डॅव्हिटच्या होडीला त्या लागतातच. बाकांखाली हवाबंद तांब्याच्या पेट्या आहेत का? ब्रिटिश काळातली असेल तर कुठेतरी तीन रेघांचं बाणाचं चिन्ह कोरलेलं सापडेल, ती सरकारी मालाची खूण. रंगाखाली दडलेलं असतं, तिरक्या उजेडात बॅटरी धरून बघा.

मग दाभण घ्या. रंग चांगला दिसतो तिथेच टोचा. पठाणाला लागून असलेली पहिली फळी, मागच्या आडव्या पाटीचे कोपरे, आणि बाकांच्या टोकाखालचा भाग, जिथे पावसाचं पाणी साठतं. खारं पाणी लाकूड मुरवतं, गोडं पाणी कुजवतं. गोठ्याचं छप्पर गळत असेल तर चाळीस वर्षं समुद्रात टिकलेली होडी इथल्या चार पावसाळ्यांत गेलेली असू शकते. दाभण एक सूतभर जाऊन अडलं तर ठीक. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर तेवढा भाग खडूनं आखून ठेवा. होडी पालथी आहे ही मोठी जमेची बाजू. जमिनीला कडा टेकल्या आहेत का तेही बघा, वाळवी तिथूनच चढते.

वांक मोजा. तडा गेलेले किती, ते लिहा. वळणाच्या जागी, पोटाच्या कडेला तडे जातात. एका बाजूचे चार-पाच तुटले असतील तर काळजी नको, ते बदलता येतात. वांकासाठी मी धामणीचं लाकूड वापरतो. धामण वाकते पण तुटत नाही, आपल्याकडे काठ्या-दांडे तिचेच. वाफेच्या पेटीत इंचभर जाडीला तासभर असा हिशेब धरायचा आणि बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात जागेवर दाबायचं. त्यापुढे ती ऐकत नाही. निम्म्याहून जास्त वांक गेले असतील आणि होडीचा आकारच पसरला असेल, तर मी नको म्हणेन. आकार गेलेल्या होडीत फळी बसवायला आधारच उरत नाही.

स्क्रू पितळेचे असतील तर एक काढून पाहा. समुद्रात राहिलेलं पितळ जस्त गमावतं, आतून गुलाबी पडतं आणि पिळलं की तुटतं. ब्राँझ असेल तर नशीब.

एवढं सगळं करताना एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. फटींमध्ये लांबी (पुट्टी), एम-सील किंवा इपॉक्सी भरू नका. आज फट बंद दिसेल, पण पाण्यात फळी फुगली की तिला फुगायला जागा नसेल. मग ती खिळे उपसते नाहीतर वांक मोडते. वरून फायबरचा थर चढवायचा सल्ला तर हमखास मिळेल. तो थर आत ओल कोंडतो आणि दोन वर्षांत आतली होडी कुजते. माझ्याकडच्या सहापैकी ज्या दोन गेल्या, त्या दोन्हींवर असा थर चढवलेला होता.

सामान पुण्यात मिळतं, फक्त फिरावं लागतं. जुन्या सागाच्या तुळया भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शोधा, नवा साग अजून अंगात पाणी धरून असतो. ब्राँझचं वल्ह्याचं एक बेचकं मला जुन्या बाजारात रविवारी सकाळी मिळालं होतं, विकणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं. रोव्ह मिळेनात तेव्हा मी तांबट आळीत गेलो. तिथल्या एका कारागिराला नमुना दाखवला. त्यानं तो तळहातावर फिरवून पाहिला, ‘बंबाच्या कानाला असंच लागतं’ म्हणाला आणि आठवड्यात दोनशे चकत्या ठोकून दिल्या. माझ्या नौदलातल्या रोव्हपेक्षा त्या कणभर जाड आहेत आणि जास्त चांगल्या बसतात.

पाण्याचं आधीच ठरवा. खडकवासला पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे होडी टाकू नका. गोड्या पाण्यात एक फायदा आहे. समुद्रात लाकूड पोखरणारी कीड तिथे नसते. कोकणात न्यायची असेल तर दर वर्षी बूड खरवडून रंगवायची तयारी हवी.

तर घ्यावी का? तळाची फळी घट्ट असेल, आकार शाबूत असेल आणि वर्षातले निदान चार महिने ती पाण्यात ठेवण्याची सोय तुम्ही करू शकत असाल, तर घ्या. मुलांना शनिवार-रविवार चटकन शीड शिकवायचं एवढंच असेल तर फायबरची घ्या, ती तुम्हाला आनंद देईल. दिवाणखान्यात किंवा बागेत ठेवायला हवी असेल तर कृपा करून ती मालकांकडेच राहू द्या, मी दुसरं गिऱ्हाईक शोधून देतो.

घेतलीत तर लगेच ट्रॉलीवर घालून उन्हातून आणू नका. आधी तिथेच, सावलीत, सरळ करून फळ्यांना आतून गोणपाट अंथरा आणि रोज सकाळ-संध्याकाळ भिजवा, आठ-दहा दिवस. फटी हळूहळू मिटताना दिसतील. मग टाकीत किंवा तळ्याच्या काठाशी उतरवा. पहिल्या रात्री ती काठोकाठ भरेल, भरू द्या. दुसऱ्या दिवशी उपसा आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशीही धार लागत असेल त्या जागी खडूची खूण करा. खुणा दहाच्या आत असतील तर कळवा. मी डॉली आणि हातोडी घेऊन येतो. बाहेरून डॉली धरायला मात्र तुमच्याकडचा एक माणूस लागेल.